पसारा, पाकी आणि कुवत

समस्त स्तुती अल्लाहची, ज्याने सर्व माणसांना एकाच मातीतून निर्माण केले आणि तरीही प्रत्येकाची घडण वेगळी ठेवली. दरूद व सलाम आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर, ज्यांनी दुर्बलांसाठी धर्माची वाट सुलभ करून दाखविली.

आदरणीय बंधू-भगिनींनो, स्वच्छतेचा विषय निघाला की आपल्या घरांत एक हदीस हमखास सांगितली जाते. सहीह मुस्लिममध्ये हजरत अबू मालिक अल-अशअरी (रजि.) यांच्याकडून आलेल्या या हदीसीत प्रेषितांनी (स.) तहारतला ईमानचा अर्धा भाग ठरविले आहे. ईदपूर्वी पडदे धुतले जातात, डबे घासले जातात, तेव्हा मुलेही ती तोंडपाठ म्हणतात. हे उत्तमच आहे. मात्र हीच हदीस काही घरांत एखाद्या प्रौढ मुलाला, बहिणीला किंवा सुनेला टोचण्यासाठी वापरली जाते. तुझ्या खोलीत पसारा, म्हणजे तुझे ईमानच अर्धे, असे सुनावले जाते.

तिशी ओलांडलेल्या एका तरुणाने मला एकदा विचारले, “मौलाना, माझ्या खोलीत पाऊल ठेवायला जागा नसते. अशा घरात फरिश्ते येत नाहीत, असे नातेवाईक म्हणतात. मग माझी नमाज होते का?” हा तरुण नोकरी करतो, हिशेबात एका पैशाची चूक करीत नाही, दिलेला शब्द मोडत नाही. आपल्याला ऑटिझम आहे, हे त्याला प्रौढपणी डॉक्टरांकडून समजले. आधी घर आवरू, मग मुसल्ला अंथरू, असे म्हणता म्हणता त्याच्या कितीतरी नमाजा कजा झाल्या होत्या. ज्या हदीसीने त्याला मुसल्ल्यापर्यंत आणायचे, तिच्याच चुकीच्या वापराने त्याला मुसल्ल्यापासून दूर नेले होते. म्हणून या प्रश्नाचे उत्तर नीट दिले पाहिजे.

तहारत वेगळी, टापटीप वेगळी

फिक्हच्या ग्रंथांत नमाजसाठी तीन गोष्टी पाक असण्याची अट आहे: शरीर, वस्त्र आणि नमाजची जागा. जागा म्हणजे संपूर्ण घर नव्हे. जेथे आपण उभे राहतो आणि सजदा करतो, तेवढी जागा. कोपऱ्यात पुस्तकांचा ढीग असेल, खुर्चीवर धुतलेले कपडे घडी न घालता पडले असतील, टेबलावर कागद विखुरले असतील, तर त्याला पसारा म्हणावे. नजासत म्हणता येत नाही. हजरत जाबिर (रजि.) यांच्या रिवायतीनुसार या उम्मतसाठी अवघी पृथ्वी नमाजची जागा ठरविण्यात आली आहे. ज्या धर्माने रानातली माती सजद्यासाठी पुरेशी मानली, तो घडी न घातलेल्या चादरीमुळे कोणाला परत पाठविणार नाही.

फरिश्त्यांविषयी सहीह हदीसींत ज्या घरांचा उल्लेख येतो, तेथे कुत्रा आणि चित्रे किंवा मूर्ती हे कारण सांगितले आहे. विखुरलेल्या वस्तूंचे कारण तेथे नाही. प्रेषितांनी (स.) जे सांगितले नाही, ते त्यांच्या नावावर खपविणे हा साधा दोष नव्हे.

याचा अर्थ टापटीप निरर्थक आहे असा नाही. ती सुंदर गोष्ट आहे आणि अल्लाहला सौंदर्य प्रिय आहे. परंतु फर्ज आणि सुंदर यांतील सीमा पुसली, तर दुर्बल माणूस सुंदर गोष्ट साधत नाही म्हणून फर्जही सोडून बसतो.

या अडचणीचे स्वरूप

ऑटिझमला मराठीत ‘स्वमग्नता’ म्हणतात. हा शब्द जरा फसवा आहे. तो ऐकून वाटते की हा माणूस स्वतःत बुडालेला आहे आणि बाहेरचे त्याला काही जाणवत नाही. अनेकांच्या बाबतीत उलट घडते: बाहेरचे सारे एकदम आणि अधिक तीव्रतेने त्यांच्यावर कोसळते. फिनेलचा उग्र वास, ओल्या फडक्याचा स्पर्श, खरकट्याची बुळबुळ, मोरीत आदळणाऱ्या भांड्यांचा आवाज, हे तुम्हा-आम्हाला किंचित त्रासदायक असते. काहींना ते असह्य होते.

दुसरी अडचण कामाच्या रचनेची आहे. ‘खोली आवर’ हे आपल्याला एक काम वाटते. त्याच्या पोटात अनेक कामे दडलेली असतात. सुरुवात कोठून करायची, हातातला कागद ठेवायचा की टाकायचा, ठेवायचा तर कोठे, हा कपडा धुण्याचा की घडी घालण्याचा, आणि थांबायचे केव्हा? हे निर्णय आपल्याकडून नकळत होतात. ऑटिझम असलेल्या अनेकांना प्रत्येक निर्णय मुद्दाम घ्यावा लागतो आणि ते काम सुरू होण्याआधीच थकून जातात. काहींसाठी कपाटाचे दार बंद झाले की आतली वस्तू जणू नाहीशीच होते. म्हणून ते सर्व काही डोळ्यांसमोर मांडून ठेवतात. आपल्याला जो पसारा दिसतो, ती त्यांची आठवण असते. सर्वांचे असेच असते असे नाही. काहींना आपल्या खोलीतली एक वस्तूही जागची हललेली खपत नाही.

हा आळस नव्हे, आईच्या संगोपनातली उणीव नव्हे आणि जिन्नचा असर तर मुळीच नव्हे. तावीजसाठी दारोदार फिरण्याऐवजी जाणकार डॉक्टरांकडे जावे. आपल्या देशाच्या १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ऑटिझमचा स्पष्ट उल्लेख आहे आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांतही त्याचा समावेश आहे.

कुवतीचा नियम

सूरह अल-बकराच्या अखेरीस अल्लाहने आपला नियम सांगितला आहे की कोणत्याही जिवावर त्याच्या कुवतीबाहेरचा भार टाकला जात नाही. हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) यांना व्याधी होती. त्यांनी नमाजविषयी विचारले तेव्हा प्रेषितांनी (स.) उत्तर दिले की उभे राहून पढावी, ते न जमल्यास बसून, आणि तेही न जमल्यास कुशीवर पडून. इस्लामच्या सर्वांत मोठ्या इबादतीत शरीराच्या अडचणीला जागा आहे. मग झाडलोटीत आणि घड्या घालण्यात ती का नसावी?

मात्र या हदीसीची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. ज्याला उभे राहता येत नाही, त्याची नमाज माफ झाली नाही. तिचे स्वरूप बदलले. फिक्हचा एक नियम सांगतो की जे जमते ते न जमणाऱ्या गोष्टीमुळे रद्द होत नाही. म्हणून ऑटिझम असलेल्या बंधू-भगिनींनी स्वतःला विचारावे, “यातले माझ्या आवाक्यातले किती?” नासलेले अन्न बाहेर जाणे, मोरी आणि संडास स्वच्छ असणे, अंगावरचे कपडे पाक असणे, चालण्याची वाट मोकळी असणे, शेजाऱ्याला दुर्गंधीचा त्रास न होणे: आरोग्य, इबादत आणि शेजाऱ्याचा हक्क यांच्याशी निगडित असलेली ही कामे आधी करावीत. बाकीचे सवडीने झाले तरी चालेल.

थोडे, पण नित्य

हजरत आयशा (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसीनुसार अल्लाहला सर्वांत प्रिय असलेले कर्म ते, जे नित्य केले जाते, मग ते थोडे का असेना. शुक्रवारी एका दमात सारे घर उपसायचे आणि पुढे महिनाभर हात लावायचा नाही, यापेक्षा रोजचे एक छोटे काम बरे.

यासाठी आपल्याकडे पाच वेळांची तयार चौकट आहे. फजरनंतर केवळ अंथरूण उचलावे. जोहरनंतर, किंवा कामावरून परतल्यावर, ओट्यावरची भांडी. असरनंतर दारापाशी ठेवलेल्या पिशवीत कचरा. मगरिबनंतर कपडे एका टोपलीत. इशानंतर मुसल्ल्याभोवतीची जागा. ‘केव्हा सुरू करू?’ हा सर्वांत जड निर्णय अजान घेऊन टाकते.

वुजूकडे पाहा. त्याचा क्रम ठरलेला आहे. शाफई फिक्हमध्ये तर ही तरतीब फर्ज आहे. कोणीही ‘स्वतःला स्वच्छ कर’ एवढे मोघम सांगत नाही. आधी चेहरा, मग कोपरांपर्यंत हात, मग मसह, मग पाय. घरातली कामेही अशीच पायरीने लिहून भिंतीवर लावावीत. बंद कपाटाऐवजी उघडी मांडणी किंवा पारदर्शक डबे वापरावेत. फिनेल सोसत नसेल तर बिनवासाचा साबण घ्यावा, हातमोजे घालावेत, आवाज नको असेल तर कानात बोळे घालावेत. यात लाजण्यासारखे काही नाही.

आणि ज्यांना पुन्हा पुन्हा धूत राहावेसे वाटते, फरशी पाक झाली की नाही या शंकेने झोप लागत नाही, त्यांनी फिक्हचा दुसरा नियम स्मरावा: खात्री शंकेने ढळत नाही. एकदा धुतले, पाक झाले. त्यानंतर येतो तो वसवसा. त्याच्या मागे जाऊ नये. वसवसा आवरेनासा झाला तर डॉक्टरांची मदत घ्यावी.

घरच्यांची जबाबदारी

आता आई-वडील, भावंडे आणि सासरच्या मंडळींना दोन शब्द. सूरह अल-हुजुरातमध्ये परस्परांची थट्टा करण्यास आणि टोपणनावांनी हिणविण्यास मनाई आहे. ‘गबाळ्या’, ‘वेंधळी’ ही आपल्या घरांत सहज उच्चारली जाणारी नावे त्यात येतात. हजरत अबू जर (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) हाताखालच्या माणसांविषयी शिकविले की त्यांच्यावर शक्तीबाहेरचे काम टाकू नका, आणि टाकलेच तर त्यांना स्वतः मदत करा. जो हक्क गुलामाचा आहे, तो पोटच्या मुलाचा आणि घरात आणलेल्या सुनेचा नसेल काय?

पत्नीला घर आवरता येत नाही म्हणून तिला माहेरी पाठवू पाहणाऱ्या पतींनी जाणून घ्यावे की शाफई फिक्हमध्ये घरकाम हे निकाहामुळे पत्नीवर येणारे बंधन मानलेले नाही. हनफी उलेमा ते तिचे धार्मिक कर्तव्य मानतात, तरी त्यासाठी काजीने तिच्यावर सक्ती करावी असे म्हणत नाहीत. आणि प्रेषित (स.) घरात काय करीत असत, या प्रश्नाला हजरत आयशा (रजि.) यांनी दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे: ते घरच्या कामांत मदत करीत आणि नमाजची वेळ होताच बाहेर पडत.

मदत कशी करावी, हेही शिकावे लागते. न विचारता वस्तू हलवू नयेत; तो आवरण्याचा प्रकार नसून त्याच्यासाठी भूकंप असतो. ‘सगळे आवर’ म्हणण्याऐवजी ‘या तीन पेल्या उचल’ म्हणावे. शेजारी बसून नुसती सोबत केली, तरी अनेकांचे हात चालू लागतात. पाहुणे येणार असतील तर चार दिवस आधी सांगावे. आणि आलेल्या पाहुण्यांनी यजमानाच्या कोपऱ्यांवरून नजर फिरवू नये. ते घर त्याने अल्लाहसमोर उभे राहण्यासाठी जपले आहे, आपल्या परीक्षेसाठी मांडलेले नाही.

हे अल्लाह, आमची घरे पाक राख आणि आमच्या जिभांनाही पाकी दे. ज्यांच्यासाठी सोपी कामे कठीण झाली आहेत, त्यांचे थोडे पुष्कळ म्हणून स्वीकार. पसाऱ्यातून वाट काढून जो तुझ्यापुढे सजद्यात येतो, त्याला आमच्या कोणत्याही शब्दाने मागे फिरू देऊ नकोस. आमीन.