रांगेत नंबर विकत मिळेल

रांग हा माझ्या पोटापाण्याचा विषय आहे. गेली तेवीस वर्षं मी काउंटरच्या आत बसून रांगेकडे समोरून पाहत आलो आहे. माणसाची कुंडली मांडायची तर तो रांगेत कसा उभा राहतो यावरून मांडावी, अशा मताचा मी झालो आहे. त्यामुळे फ्लॉरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डला जाऊन आलेली मंडळी मला तिथल्या किल्ल्याचे आणि आतषबाजीचे फोटो दाखवू लागली, की मी विचारतो, "ते असू द्या हो. रांगा कशा होत्या?"

प्रश्न वेडगळ नाही. १९६४-६५ साली निरनिराळ्या नावांच्या बेनामी कंपन्या काढून डिस्नेनं ऑर्लँडोजवळ सुमारे सत्तावीस हजार एकर जमीन गुपचूप घेतली. म्हणजे कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंतच्या मुंबईच्या दीडपट! १ ऑक्टोबर १९७१ ला दरवाजे उघडले आणि संत्र्यांच्या बागांचा तो मुलूख हां हां म्हणता हॉटेलांचा झाला. २०१९ साली तिथल्या एकट्या मॅजिक किंगडममध्ये सुमारे दोन कोटी माणसं येऊन गेली. आता माणसं दोन कोटी आणि उडत्या हत्तीची चक्कर दीड मिनिटाची, म्हटल्यावर पर्यटन म्हणजे उभं राहणं हे ओघानंच आलं.

बरं, डिस्नेवाले रांगेची कदर करणारे. रांग अशी वळवतात की तिची लांबी डोळ्यांत येऊ नये. 'हाँटेड मॅन्शन'च्या वाटेवर खोटी थडगी मांडली आहेत, ती वाचत माणूस पुढं सरकतो. २०१२ साली डम्बो हत्तीपाशी तर तंबू ठोकून आत घसरगुंड्या बसवल्या. पोरांनी खेळावं, नंबर आला की हातातलं यंत्र सांगायचं. आमच्या बँकेत नंबर येईपर्यंत वाचायला केवायसीचा तक्ता आहे.

१९९९ साली तिथं 'फास्टपास' आला. चिठ्ठी घ्या, ठरल्या वेळी या. फुकट, आणि सर्वांना सारखा. २०२१ साली तो गेला आणि पैसे भरून पुढं जायची सोय आली, माणशी पंधरा डॉलरपासून. २०२४ च्या ऑक्टोबरात तिची थोरली बहीण आली. गर्दीच्या दिवशी माणशी चारशे डॉलरच्या वर, प्रवेशाचं तिकीट वेगळं!

आता मी पडलो बी.कॉम. मागणी-पुरवठ्याच्या नियमानं यात गैर काय? एकाकडे पैसा आहे, वेळ नाही. दुसऱ्याकडे वेळ आहे, पैसा नाही. नाटकाच्या पुढच्या खुर्च्या नाही का महाग? पण इथंच माझी कारकुनी बुद्धी अडते. पहिल्या रांगेतल्यानं जास्त पैसे मोजले म्हणून बाल्कनीवाल्याचा पडदा उशिरा उघडत नाही. इथं मात्र तासाला नावा सुटायच्या तेवढ्याच सुटतात. एकाला पुढं घेतलं की दुसरा मागं गेलाच. म्हणजे जमाखर्च मांडला तर विकला जाणारा वेळ कंपनीचा नाहीच, तो उभ्या असलेल्या माणसाचा. नावे त्याच्या खात्यावर आणि जमा कंपनीच्या! अशी एंट्री मी केली तर ऑडिटर मला घरी बसवील.

फुकटच्या दिवसांत रामराज्य होतं असंही नाही. अपंग पाहुण्यांना ताटकळावं लागू नये म्हणून सवलत होती. तिचा फायदा उठवायला न्यूयॉर्कच्या काही श्रीमंत आया अपंग वाटाड्या तासावर भाड्यानं घेतात, असं २०१३ साली एका वर्तमानपत्रानं छापलं. त्याच वर्षी डिस्नेनं नियम बदलले आणि पुढं ऑटिझम असलेल्या मुलांचे पालक कोर्टात गेले. तुम्ही म्हणाल, चोरून विकण्यापेक्षा दर लावून विकलेलं बरं. म्हणजे थिएटरबाहेरच्या ब्लॅकवाल्यालाच आत मॅनेजर नेमावं, असा हा न्याय झाला!

मला काळजी वाटते ती रांगेतल्या एखाद्या बापाची. कार्डावर उधारी करून पोरांना आणलेलं. शेजारची रांग सरकन पुढं निघून जाते आणि पोरगी विचारते, "ते आधी का?" 'त्यांनी जास्त पैसे दिलेत' हे उत्तर खरं आहे, आणि पुढं आयुष्यभर तिला ते ऐकायचंच आहे. पण जिथं मोठी माणसं उंदराशी हस्तांदोलन करायला तासभर उभी राहतात, तिथं तरी ते द्यायची वेळ येऊ नये. बाप बहुधा म्हणेल, "आपल्याला कुठं घाई आहे?" आणि पोरगी खोटी थडगी वाचत पुढं सरकेल.