सांगण्याचा अधिकार

ज्या विषयाचं रीतसर शिक्षण घेतलेलं नाही, त्याविषयी लिहून ते चारचौघांपुढे ठेवावं का? मला हा प्रश्न शेवळांमुळे पडला. पेशाने मी हिशेबनीस. पण ठाणे-रायगडकडच्या रानभाज्यांची टिपणं बरीच वर्षं वहीत करतो आहे. पावसाच्या तोंडावर आदिवासी बायका शेवळांच्या जुड्या घेऊन बाजारात बसतात. आतला पिवळा भाग काढून टाकायचा, भाजीत आंबट काकडं घालायची, नाहीतर घसा खाजतो, हे मला त्यांनीच शिकवलं. ही टिपणं इंटरनेटवर टाकावीत असं वाटलं की मन म्हणायचं, तू ना वनस्पतिशास्त्रज्ञ, ना रानातला माणूस. तू कोण सांगणार?

या शंकेत दोन भीती एकत्र राहत होत्या. एक, जाणकार हसतील ही. दुसरी, वाचणाऱ्याला अपाय होईल ही. दोन्हींना आपण नम्रताच म्हणतो. पण पहिलीत सगळी काळजी स्वतःची आहे. आपलं हसं होऊ नये म्हणून उपयोगाची गोष्ट दडवून ठेवण्यात नम्रता कसली? दुसरी भीती मात्र खरी आहे. शेवळं सुरणाच्या कुळातली. या कुळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, म्हणून तर घसा खाजतो. पाककृती लिहिताना काकडं विसरली, तर त्रास मला नाही, वाचणाऱ्याला होणार. ही भीती घालवायची नाही, जपायची.

मग अधिकार कुणाचा? आपल्याकडे न्यायदर्शनाने हा प्रश्न फार पूर्वी घेतला होता. दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास कधी ठेवावा, तर तो आप्ताचा असेल तेव्हा. आणि आप्त कोण? न्यायसूत्रांवरच्या भाष्यात वात्स्यायन सांगतो, की ज्याला त्या गोष्टीचं साक्षात ज्ञान आहे आणि जे जसं पाहिलं तसंच सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो. पुढे तो म्हणतो, हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखंच लागू आहे. या व्याख्येने बाजारातली शेवळंवाली आप्त ठरते. मीही ठरतो, पण थोड्याच बाबतीत. शेवळं कशी साफ करायची, कशी शिजवायची, हे मी हाताने केलं आहे. त्यांच्या औषधी गुणांबद्दल माझं ज्ञान ऐकीव आहे. तिथे मी आप्त नाही. म्हणजे अधिकार माणूस बघून एकदाच देऊन टाकता येत नाही, तो एकेका वाक्यापुरता तपासावा लागतो.

यावर कुणी म्हणेल, मग पदवीला काही किंमतच नाही का? आहे. पदवीमागे आपल्या चुका दुसऱ्यांनी काढण्याची कितीतरी वर्षं असतात. ज्याच्याकडे ती नाहीत, त्याने तपासाला जागा ठेवली पाहिजे. हे मी केलं, हे अमुक गावच्या बाईंकडून ऐकलं, हे पुस्तकात वाचलं, असं वेगवेगळं लिहिलं की वाचणाऱ्याला कशावर किती भरवसा ठेवायचा ते कळतं. शिवाय ज्यांच्याकडून शिकलो त्यांचं ज्ञान आपल्या नावावर खपत नाही.

गप्प बसणं सुरक्षित वाटतं, पण तेही निर्दोष नाही. शास्त्राच्या पुस्तकात वनस्पतीचं नाव, कूळ, फुलांची रचना मिळते. भाजीत काकडं किती घालायची ते बहुधा मिळत नाही. ते तोंडी चालत आलेलं आहे, आणि सांगणारं-ऐकणारं कुणी उरलं नाही की संपणार आहे.

म्हणून मी लिहितो. रानात जाऊन शेवळं ओळखायला मी शिकवत नाही. विकणारीकडूनच घ्या आणि तिलाच विचारा, असं सांगतो. शंका गेलेली नाही. पूर्वी ती वही उघडू देत नसे, आता प्रत्येक ओळीपाशी थांबून ‘हे तुला कसं माहीत?’ असं विचारते. ही भाजी अमक्या आजारावर चालते का, असं कुणी विचारलं, तर ‘ते डॉक्टरांना विचारा’ एवढंच माझं उत्तर असतं.