मुठीचा डबा

कागलात एक ख्रिस्ती आजी राहत होती. रोज संध्याकाळी भाताला तांदूळ वैरायच्या आधी ती त्यातली एक मूठ काढून वेगळ्या डब्यात टाकायची. टाकताना डोळे मिटायची आणि एका मुलखाचं नाव घेऊन तिथल्या माणसांसाठी देवाकडं मागायची. सोमवारी सुदान, मंगळवारी पॅलेस्टाइन, बुधवारी मणिपूर, शनिवारी नायजेरिया. जिथं माणसं विश्वासापायी मारली जात होती, घरादाराला मुकत होती, उपाशी निजत होती, त्या सगळ्या जागा तिला तोंडपाठ होत्या.

सून हे रोज बघत होती. एक दिवस तिनं विचारलं, "आत्या, कागलातला मूठभर तांदूळ सुदानला कसा पोचायचा? आणि आपल्या प्रार्थनेनं तिथल्या बंदुका थांबल्यात होय?"

"बंदुकांचं देवाला ठाऊक," आजी म्हणाली. "मला मक्याची गोष्ट ठाऊक आहे, ती सांगते. १८९९ साली पाऊस दडला. १९०० साल उजाडलं तेव्हा गुजरात, राजपुताना, दख्खन, सगळीकडं माणसं अन्नावाचून मरत होती. न्यूयॉर्कच्या 'ख्रिश्चन हेरल्ड' या साप्ताहिकानं ही हकिगत आपल्या वाचकांपुढं ठेवली. ज्यांनी हिंदुस्थान कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता, अशा माणसांनी आपल्या कमाईतून दिलं. मग 'क्विटो' नावाचं जहाज दोन लाख बुशेल, म्हणजे पाच हजार टनांच्या आसपास मका घेऊन मुंबईला लागलं. मिशनच्या माणसांनी तो दुष्काळी मुलखात वाटला. आधी त्यांच्या प्रार्थनेत आपलं नाव गेलं, मग त्यांच्या पोत्यांत आपला वाटा पडला."

सुनेला गोष्ट पटली, पण एक शंका उरली. "आत्या, ते भरल्या घरचे लोक. भरल्या घरानं रिकाम्या घरासाठी मागावं, हे बरोबर. आपल्याकडं महिनाअखेरीला कणगीचा तळ दिसतो. आपण कुणासाठी मागायचं?"

आजीनं त्या दिवशी उत्तर दिलं नाही. मूठ मात्र डब्यात टाकली.

मार्च महिना आला. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी ख्रिस्ती स्त्रिया जागतिक प्रार्थना दिन पाळतात. १९२७ पासून तो जगभर चालत आला आहे. दरवर्षी एका देशातल्या स्त्रिया उपासनेचा क्रम लिहितात आणि इतर देशांतल्या स्त्रिया त्यांच्या शब्दांत त्यांच्यासाठी प्रार्थना करतात. २०२६ साली ती पाळी नायजेरियाची होती. आजी आणि सून कोल्हापूरला उपासनेला जायच्या होत्या, आणि मुठीचा डबा दानार्पणात ठेवायचा होता.

आदल्या संध्याकाळी आजी सुनेला नायजेरियातल्या चिबोक गावाविषयी सांगत होती. १४ एप्रिल २०१४ च्या रात्री तिथल्या शाळेतून हत्यारबंद माणसांनी २७६ मुली पळवून नेल्या. बहुतेक मुली ख्रिस्ती घरांतल्या. काही निसटल्या, काही पुढं सुटल्या, कितीतरी आया अजून वाट बघतात. आजीनं मुलींसाठी मागितलं, आयांसाठी मागितलं आणि शेवटी पळवणाऱ्यांसाठीही मागितलं, की त्यांच्या काळजाला पाझर फुटू दे.

एवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. काखेत पोर होतं. बीडकडची ऊसतोड करणारी. कारखान्याचा पट्टा पडायला आला होता, उचल फिटली नाही म्हणून मुकादमानं खर्चीला पैसे द्यायचं थांबवलं होतं, आणि गावाकडं जायची गाडी दोन दिवसांनी निघणार होती. कोपीत शिजवायला काही उरलं नव्हतं.

सुनेनं घरातला तांदूळ बघितला. रात्रीपुरता होता. मग तिची नजर डब्याकडं गेली. "आत्या, हा तर नायजेरियाच्या नावाचा."

"नाव लिहिणारा देव आहे," आजी म्हणाली. "त्यानं आज दारात कुणाला उभं केलंय ते बघ."

सुनेनं डबा उचलला आणि त्या बाईच्या पदरात ओतला.

बाईनं पदर सावरला. जाता जाता तिनं विचारलं, "माय, हे कुणाच्या नावाचं म्हणालात?"

सुनेनं तिला चिबोकच्या मुलींची हकिगत सांगितली. बाई ऐकत राहिली. मग तिनं पदरातली एक मूठ भरली आणि डब्यात परत टाकली.

"अगं, राहू दे," सून म्हणाली. "तुलाच पुरायचा नाही."

"माझी बी थोरली लेक गावाकडं आहे, म्हातारीपाशी. सहा महिने झाले तिचं तोंड बघितलं न्हाई," बाई म्हणाली. "लेकीवाचून जीव कसा व्हतो ते मला ठाव हाय. त्या मायांच्या नावानं एवढं राहू द्या. मला तुमची प्रार्थना येत न्हाई. तुम्ही म्हणा, मी हात जोडते."

आजी गप्प बसली. सुनेनं डोळे मिटले आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या शब्दांत परक्या देशासाठी मागितलं. चिबोकच्या आयांबरोबर तिनं बीडच्या त्या लेकीचंही नाव घेतलं. मग पोराच्या अंगावर घालायला घरातलं एक कुंचडं दिलं आणि गाडी निघेपर्यंत दोन्ही वेळा जेवायला यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या उपासनेत डब्यात एकच मूठ होती. तीच त्यांनी दानार्पणात ठेवली. परतीच्या एसटीत आजी सुनेला म्हणाली, "तू विचारलं होतंस, रिकाम्या घरानं कुणासाठी मागायचं. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली वाचवून आणल्या आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये ठेवल्या. १९०० साली गुजरातेतून आणखी आणल्या. त्यांतल्या कितीतरी जणींजवळ ना आईबाप होते, ना घर. १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी विचारलं, रोज जमून देशातल्या ख्रिस्ती लोकांच्या जागृतीसाठी प्रार्थना करायला कोण येईल? सत्तरेक जणी पुढं आल्या. काही महिन्यांत त्या पाचशेंच्या वर गेल्या. ज्यांच्यासाठी कधी कुणीतरी मागितलं होतं, त्या आता साऱ्या देशासाठी मागत होत्या. काल आपल्या दारात तेच झालं."

त्या संध्याकाळी तांदूळ वैरायच्या आधी सुनेनं स्वतः मूठ काढली.

तात्पर्य: दुसऱ्यासाठी देवाकडं मागायला घर भरलेलं असावं लागत नाही, दुसऱ्याचं दुःख आपल्या घरचं वाटावं लागतं. जो दूरच्या छळलेल्या माणसासाठी मनापासून मागतो, त्याचा हात दारातल्या माणसासाठीही मोकळा होतो. आणि ज्याच्यासाठी कुणी मागितलं, तोही एक दिवस दुसऱ्यासाठी मागायला उभा राहतो.