आत्याची सही

दौंडच्या आत्यानं सही करायचं नाकारलं, ही बातमी दिवस मावळायच्या आत गावभर झाली.

गाव शिरूर तालुक्यातलं, न्हावऱ्याच्या पुढचं, घोडनदीच्या काठचं. रस्ता रुंद झाला तसा रस्त्याकडेच्या वावरांना भाव आला. घरापुढच्या वीस गुंठ्यांत ऊस लावून काही हाती लागत नाही, तिथं खाली गाळे काढावेत आणि वर दोन मजले भाड्याच्या खोल्या, असं भाच्यानं ठरवलं. बँकेचं कर्ज झालं, नकाशा झाला, मजुरांना उचल दिली. अडलं होतं ते एका कागदावर. आजोबांच्या मागं सातबाऱ्यावर वारस म्हणून आत्याचंही नाव लागलं होतं. तिनं हक्कसोडपत्र करून दिलं की अक्षय्य तृतीयेला पाया खणायचा.

आत्या नाही म्हणेल, हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं. नवरा रेल्वेत, संसार दौंडात. भाऊबीजेची ओवाळणी सोडली तर तिनं माहेरचं कधी काही घेतलं नव्हतं. आपल्याकडं बहिणीची सही अशीच गृहीत धरतात. तिला जेवायला बोलवायचं, साडी द्यायची आणि कागद पुढं करायचा. त्या जमिनीबद्दल तिला काही ठाऊक असेल, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही.

आत्या आली, चहा घेतला आणि म्हणाली, "इमारत कुठं बसणार, ते दाव."

वावरात पांढऱ्या फक्कीनं आखणी झालेली होती. आत्या आखणीच्या कडेनं फिरली, बांधावरच्या जुन्या लिंबाकडं पाहिलं, त्याच्याकडून पावलं टाकत आली आणि चौकटीच्या जवळजवळ मधोमध थांबली.

"हितं विहीर हाय."

"होती, आत्या. आप्पांनी बुजवली की ती. मी शाळेत होतो तेव्हा." आप्पा म्हणजे भाच्याचे वडील.

"बुजवली म्हंजी गेली का? आदी ती उकरून दाव. मग सही."

भाच्याला हे खरं वाटेना. लोकांना तर मुळीच वाटेना. विहिरीचं निमित्त आहे, म्हातारीला हिस्सा हवाय, असं पारावर बोललं गेलं. भाच्यानं रात्री आडून आडून रक्कम विचारली, तेव्हा आत्या जेवता जेवता ताटावरून उठली. सकाळी मात्र ती दौंडला परतली नाही. ओसरीवर बसून राहिली.

ती विहीर तिच्या हातून झाली होती. बहात्तरच्या दुष्काळात आजोबांनी ती खणायला घेतली तेव्हा आत्या चौदा वर्षांची होती. घमेली डोक्यावरून वर आणून टाकायचं काम तिचं. जमिनीत काय काय आहे, हे त्या गावात तिच्याइतकं कुणाला माहीत असेल? वर पुरुषभर काळी. तिच्याखाली चुनखडीचे खडे असलेली पिवळसर माती. मग वाळू आणि नदीतले गुळगुळीत गोटे. घोडनदी एके काळी इथून वाहत होती, त्याची ती खूण. या थरात बाजू ढासळायला लागली म्हणून आतून दगडी बांधकाम करावं लागलं. खाली मुरूम, मग मांजऱ्या खडक, आणि शेवटी सुरुंग लावल्याशिवाय न फुटणारा काळा पाषाण. मांजऱ्या जिथं पाषाणाला टेकतो तिथल्या सांध्यातून पाणी आलं. पंचवीस फूट रुंद, पन्नास फूट खोल. पुढं गावात बोअर झाले, विहीर उन्हाळ्यात कोरडी पडू लागली, एक कालवड आत पडून मेली आणि आप्पांनी ती बुजवून टाकली.

आत्या नुसत्या आठवणीवर हटून बसली असती तर ही गोष्ट एवढी सांगण्यासारखी नव्हती. तिला आणखी एक गोष्ट माहीत होती, आणि ती तिला इनामगावानं शिकवली होती.

घोडनदीच्या काठी इनामगावला पांढरीच्या टेकाडावर डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 या काळात उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या संशोधकांनी तिथं इसवी सनापूर्वी साधारण 1600 ते 700 या काळातली शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली: घरं, चुली, धान्य साठवायच्या जागा, नदीचं पाणी वळवणारा पाट आणि बांध. लग्नाआधीच्या हिवाळ्यांत आत्या तिथं माती वाहायला जायची. एक गोष्ट तिच्या मनात ठसली. खणलेली जागा खुरप्यानं सपाट साफ करायची आणि वर पाणी शिंपडायचं. पाणी मुरता मुरता जमिनीवर एक गोल उमटायचा. भोवतीची माती घट्ट, पिवळट. गोलाच्या आतली राखट आणि भुसभुशीत. तीन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी धान्यासाठी पेव खणलेलं असायचं. ते बुजलं, त्यावर घरं उठली, मोडली, पुन्हा उठली, तरी त्या खड्ड्याची कड जागेवरच होती. एकदा मोडलेली जमीन पुन्हा पहिल्यासारखी होत नाही, हे त्या मुलीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

तिसऱ्या दिवशी भाच्यानं शिरूरच्या इंजिनिअरला बोलावलं, ते आत्याची समजूत काढायला. त्या माणसानं काम हयगयीनं केलेलं नव्हतं, हे सांगितलं पाहिजे. काळ्या मातीचा बंदोबस्त त्यानं नीट केला होता. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि तिच्यावर टेकवलेली भिंत दरसाल वरखाली होऊन चिरते; म्हणून काळी पूर्ण काढून पाया थेट मुरमावर न्यायचा, असं त्यानं लिहून दिलं होतं. तीन कोपऱ्यांत बोअर घेऊन माती तपासली होती. तिन्ही ठिकाणी खाली घट्ट थर. अहवाल चांगला होता.

"आजी, तीन बोअर घेतलेत," तो म्हणाला.

"कुटं कुटं?"

त्यानं खुणा दाखवल्या. आत्यानं मान डोलावली. "तिन्ही विहिरीच्या भाईर हायती. तुमचं यंत्र खोटं न्हाय बोललं. ते जितं घातलं तितलंच बोललं."

इंजिनिअर यावर गप्प झाला. चांगल्या माणसाची ती खूण आहे, असं मी मानतो. मग त्यानं भाच्याला एवढंच विचारलं, "विहीर होती हे मला का सांगितलं नाही?" भाचा म्हणाला, "बुजवलेली होती ना!"

इनामगावला करायचे तसं जागा साफ करून वर पाणी शिंपडून बघा, असं आत्या म्हणाली. तसंच करायचं ठरलं. जेसीबीच्या पात्यानं वरची दीड-दोन फूट नांगरट खरवडून जागा सपाट केली. ऊन उतरल्यावर टँकर आणून पाणी शिंपडलं. पंधरावीस माणसं बघायला जमली होती. पहिल्यांदा सगळंच काळं झालं. मग हळूहळू पाणी मुरायला लागलं, आणि लिंबाकडच्या बाजूनं एक कड दिसू लागली. बाहेर काळी माती पाणी धरून बसलेली, चकाकणारी. आतलं पाणी मात्र पाहता पाहता जिरलेलं, आणि मुरमाचा तांबूस रंग वर आलेला. कड वळत वळत गेली आणि पुरी झाली. फक्कीच्या आखणीत दोन कॉलम पूर्ण त्या गोलात येत होते, तिसरा काठावर.

दुसऱ्या दिवशी गोल उकरला. वरचे सात-आठ फूट मुरूम निघाला, तोही त्याच विहिरीचा. खणताना काठावर जो ढीग पडला होता, तोच आप्पांनी शेवटी आत लोटला होता. म्हणजे पायासाठी खड्डा घेतला असता तर तिथंही मुरूम लागला असता, आणि मुरूम लागला म्हणून सगळ्यांनी समाधान मानलं असतं. त्याखाली उसाचं पाचट, बाभळीचे ओंडके, ठिबकच्या फाटक्या नळ्या. पाचट कुजून खाली बसलेलं, ओंडके आडवे अडकलेले, आणि त्यांच्या खाली काहीच नाही. एका पोरानं दगड टाकला. क्षणभरानं खालून पाण्याचा आवाज आला. जेसीबीवाल्यानं न सांगता मशीन मागं घेतलं.

वरचा मुरूम इतकी वर्षं तरला कसा? पोकळीवरची माती दोन्ही बाजूंना रेटा देत कमानीसारखी उभी राहते. तिच्यावरून नांगर जातो, बैलगाडी जाते, कधी ट्रॅक्टरही जातो. खालचं पाणी पावसाळ्यात चढतं, उन्हाळ्यात उतरतं, आणि दर खेपेला आतली थोडी माती धुऊन नेतं. कमान पातळ होत जाते, वरच्या माणसाला त्याचा पत्ता नसतो. त्यात तीन मजल्यांचं ओझं आलं असतं, तर निम्मी इमारत खडकावर आणि निम्मी पाचटावर.

इंजिनिअरनं मोबाइलवर घाटकोपरची चित्रफीत दाखवली. 13 जून 2021 रोजी एका सोसायटीच्या आवारात उभी असलेली मोटार सगळ्यांच्या देखत नाकावर पाण्यात गेली. खाली जुनी विहीर होती, तिच्यावर काँक्रीट टाकून गाड्या लावत होते. पुण्यातही 20 सप्टेंबर 2024 रोजी बुधवार पेठेत, सिटी पोस्टाच्या आवारात, महापालिकेची अख्खी गाडी फरशीखाली गेली, आणि तिथंही जुन्या विहिरीचीच चर्चा झाली. चालक वाचला. दोन्ही घटना पावसाळ्यातल्या आहेत, हे लक्षात घ्यावं.

पुणं तर अशा पोटातल्या गोष्टींवरच उभं आहे. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणलं ते जमिनीखालच्या बांधीव नळातून. जागोजागी त्याला उच्छ्वास होते, वाड्यावाड्यांत हौद होते. 2019 मध्ये स्वारगेटला मेट्रोचं खोदकाम चालू असताना जुनं भुयार लागलं, तेव्हा सगळ्यांना नवल वाटलं. मला नवल वाटतं ते एवढ्या मोठ्या शहरात कुठल्या वाड्याची विहीर कुठल्या पार्किंगखाली गेली हे एकत्र लिहून ठेवलेलं नसावं याचं. बुजवायला एक दिवस लागतो. नोंद करायला त्याहून कमी. आणि ती नोंद राहिली नाही, तर तिची किंमत बुजवणारा नाही, तिसराच कुणीतरी मोजतो.

त्या रात्री भाचा ओसरीवर आत्याच्या पायाशी येऊन बसला. "आत्या, आधीच का नाही सांगितलंस? फोनवर सांगितलं असतं तरी..."

"इचारलं कुनी? सही मागितलीस. दुसरं काय इचारलंस का मला?"

त्याच्याकडं उत्तर नव्हतं. बराच वेळ दोघं तशीच बसली. मग त्यानं पहिल्या रात्रीच्या पैशांच्या बोलण्याची माफी मागितली, आणि आत्यानं त्याला जेवायला वाढायला सांगितलं.

विहीर दाबून भरून वरच इमारत उठवावी, असं एक मत निघालं. ते परवडणारं नव्हतं, आणि केलं असतं तरी भराव आणि खडक यांचं बसणं सारखं झालं नसतं. शेवटी नकाशा बदलला. इमारत लिंबापासून लांब सरकली, दोन गाळे कमी झाले, बँकेत नव्यानं कागद द्यावे लागले. भाच्याला ते जड गेलं, आणि त्यानं ते लपवलंही नाही. विहीर साफ केली, पक्का कठडा बांधला, वर लोखंडी जाळी बसवली. छपराचं पावसाचं पाणी तिच्यात सोडायचं ठरलं. आत्यानं आणखी एक अट घातली होती. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर पाण्याचं साधन म्हणून विहिरीची नोंद होती, पुढच्या वर्षांत ती गळाली होती. ती पुन्हा लावायचा अर्ज दिल्याची पोच तिनं हातात घेतली, चष्मा लावून वाचली, आणि मग शिरूरला जाऊन हक्कसोडपत्रावर सही केली. स्वतःचं पूर्ण नाव तिनं लिहिलं. हिस्सा म्हणून एक रुपया घेतला नाही.

परतीच्या एसटीला अजून अवकाश होता. आत्यानं भाच्याला मोटारसायकल शेजारच्या गटाकडं वळवायला लावली. ती जमीन विकली गेली होती आणि तिथं शाळेची इमारत होणार असल्याचा फलक लागला होता. पूर्वी तिथं एक वाडा होता. त्याच्या चौकात दोन पेवं आणि मागच्या अंगाला आड, तिच्या चांगलं लक्षात होतं. कुंपणाच्या आत मुकादम लोखंड उतरवून घेत उभा होता. आत्या पदर खोचून सरळ त्याच्यापुढं गेली.

"दादा, तुमचा पान्याचा टँकर कदी येतो?"