भाडे, व्याज आणि पुराचे पाणी

कोकणातल्या मुस्लिम घरांत बचतीचा विषय निघाला की उत्तर बहुधा ठरलेले असते: एखादा ब्लॉक घ्यावा, नाहीतर बाजारात गाळा घ्यावा आणि भाड्याने द्यावा. आखातात राबून पाठवलेला पैसा, निवृत्तीच्या वेळी हाती आलेली रक्कम, आमच्यासारख्या शिक्षकांनी पगारातून मागे टाकलेले थोडेफार, सगळे याच वाटेने जाते. बँकेत ठेवले तर व्याज येते आणि व्याज नको असते. भाडे मात्र हलाल. इथवर आमचे कुणाशी भांडण नाही. पण भाडे हलाल का, याचा विचार आपल्यापैकी किती जण करतात? आणि ज्या शहरात नदी घरात शिरते, तिथे हा विचार न करता घेतलेले भाडे खरोखर भाडेच राहते का?

व्याज घेणाऱ्याची मूळ रक्कम सुरक्षित असते आणि तिच्यावर ठरलेली वाढ मिळते. कर्जदार तरला काय आणि बुडाला काय, सावकाराला कर्तव्य नसते. घरमालकाचे तसे नाही. छप्पर गळले, भिंत खचली, तर तो भार मालकाचा. लाभ आणि नुकसानीची जबाबदारी एकाच माथी असली पाहिजे, हा फिकहमधला जुना नियम आहे. भाड्याने दिलेली वस्तू वापरता येईनाशी झाली तर तेवढ्या काळाचे भाडे देणे लागत नाही, हेही त्यातूनच येते. म्हणजे भाड्याला व्याजापासून वेगळे करते ती मालकाने पत्करलेली जोखीम. ती भाडेकरूच्या अंगावर ढकलली, की उरते ती फक्त ठरलेली मासिक रक्कम. तिला नाव भाड्याचे असले, तरी तिचे वागणे व्याजाचे आहे.

चिपळूणचे उदाहरण घेऊ. वाशिष्ठीच्या काठचे हे शहर; त्यातून शिवनदी वाहते. वरून सह्याद्रीचा पाऊस, कोयनेची वीज तयार करून कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत येणारे पाणी, आणि खालून दाभोळच्या खाडीची भरती. तिन्हींची गाठ पडली की पाण्याला वाट मिळत नाही. 26 जुलै 2005 ला शहर बुडाले. 22 जुलै 2021 ला, बकरी ईदच्या दुसऱ्याच दिवशी, पुन्हा बुडाले. 1864 साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातही पाणी शिरले. त्यानंतर पूररेषांचा वाद पेटला. जलसंपदा विभागाची निळी रेषा सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते.

शाळेतले गणित इथे कामी येते. निळ्या रेषेच्या काठावर कुणी वीस वर्षांच्या हिशोबाने घर घेतले, तर त्या मुदतीत निदान एकदा तरी पूर येण्याची शक्यता निम्म्याहून अधिक, शंभरात सुमारे छप्पन्न आहे. वर्षभरासाठी आलेल्या भाडेकरूला तोच धोका शंभरात चार इतकाच दिसतो. म्हणून मालकाला ठाऊक असते आणि भाडेकरूला नसते. पण पूर आला की हानी उलट दिशेने होते. मालकाची संपत्ती सिमेंटची. चिखल काढला, रंग दिला की ती उभी राहते. भाडेकरूची संपत्ती कापसाची आणि कागदाची: गाद्या, कपडे, मुलांची पुस्तके, शाळेचे दाखले, रेशनकार्ड. ती एका रात्रीत जाते.

यावर दोन गोष्टी नेहमी ऐकू येतात. पहिली, पूर ही अल्लाहची मर्जी. त्यात मालकाचा काय दोष? पैगंबर (स.अ.स.) बाजारातून जाताना धान्याच्या एका ढिगात हात घालतात आणि बोटांना ओल लागते, ती हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. तो व्यापारीही हेच म्हणाला होता, की धान्य पावसाने भिजले. पाऊस पडला यासाठी त्याला कुणी दोष दिला नाही. ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, एवढेच विचारले गेले. भिंतीवरची पुराची खूण रंगाखाली झाकून नोव्हेंबरात घर दाखवणारा मालक त्या व्यापाऱ्याहून वेगळा कसा?

दुसरी गोष्ट, तळमजल्याचे भाडे कमी असते आणि भाडेकरू समजून-उमजून येतो. स्थानिक माणसाच्या बाबतीत हे खरे असेल. पण बदलीवर आलेली परिचारिका, घाटावरून किंवा परराज्यातून आलेला कामगार, यांना कोण सांगणार? मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 चे कलम 108 हेच सांगते: करारात उलट काही नसेल तर, भाडेकरूला सहज न दिसणारा आणि मालकाला ठाऊक असलेला मोठा दोष मालकाने उघड केला पाहिजे. पुराने जागा कायमची निकामी झाली तर भाडेपट्टा संपवण्याचा हक्कही तेच कलम भाडेकरूला देते. अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार करून कायद्यातून कदाचित निसटता येईल. आखिरतच्या हिशोबाला तशी पळवाट नाही.

आपला समाज मदतीत मागे नसतो. पूर ओसरला की धान्याची पाकिटे, चादरी, भांडी घेऊन आपण धावतो. पण मदत ही देणाऱ्याची मेहरबानी असते आणि भाड्याची माफी हा घेणाऱ्याचा हक्क. घर चिखलात असताना त्या महिन्याचे पूर्ण भाडे वसूल करायचे, अनामतीतून रंगाचा खर्च कापायचा आणि त्यातूनच सदका द्यायचा, हा कुठला हिशोब? अनामत हा शब्द अमानतचाच आहे, एवढे तरी लक्षात असू द्यावे.

मग पुराच्या शहरात घर भाड्याने देऊच नये का? तसे आम्हाला वाटत नाही. सगळ्यांनी हात आखडला तर गरीब भाडेकरू आणखी सखल जागी ढकलला जाईल. पण देणाऱ्याने करारापूर्वी दोन्ही पुरांची पातळी सांगावी. विजेचा मीटर आणि बटणे त्या पातळीच्या वर घ्यावीत, सामानासाठी माळा काढून द्यावा, पावसाळ्यात गच्चीचा दरवाजा रात्रीही उघडा ठेवावा. घर राहण्याजोगे होईपर्यंत भाडे घेऊ नये, आणि त्यासाठी दरवर्षी एक महिन्याचे भाडे बाजूला टाकावे. बारातले अकरा उरतात. ज्याला हा एक जड वाटतो, त्याने पैसा दुसऱ्या हलाल धंद्यात घालावा. त्यात कमीपणा नाही. पण घर देणाऱ्याने घराबरोबर त्याची नदीही आपलीच समजावी.