यातायात

ऑक्टोबर सरत आला की दिल्लीत पहाटेच्या हवेला सातविणीचा वास येतो. जड, गोडसर, नाजूक डोक्याच्या माणसाला न सोसणारा. अशा दिवसांत रविवारी सकाळी मी मंडी हाऊसच्या चौकात रिक्षा सोडते आणि कोपर्निकस मार्गानं इंडिया गेटच्या दिशेनं चालू लागते. रस्ता जेमतेम किलोमीटरभर. तरी मला तो संपवायला पाऊण तास लागतो, कारण माझं निम्मं लहानपण याच रस्त्यावर सांडलेलं आहे आणि या वयात वाकून उचलायला वेळ लागतो.

मंडी हाऊस या नावावरून आमच्याकडे एक गंमत झाली होती. पुण्याहून आलेल्या मावशीला वाटलं, मंडी म्हणजे भाजीबाजार. ती पिशवी घेऊनच निघाली. हिमाचलातल्या मंडी संस्थानाच्या राजाचा इथे बंगला होता, त्यावरून पडलेलं ते नाव. बंगला गेला, नाव उरलं, आणि आमच्या लहानपणी तर त्या नावाचा अर्थच ‘दूरदर्शन’ असा झाला होता. कुणाची मालिका मंजूर झाली, कुणाची अडकली, सगळं ‘मंडी हाऊसनं’ केलेलं असे.

या रस्त्याचं नावही पूर्वी वेगळं होतं. लिटन रोड. १८७८ साली देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची तोंडं बांधणारा कायदा करणारा व्हाइसरॉय तो लिटन. आज त्याच रस्त्याच्या कडेला रवींद्र भवन उभं आहे. हबीब रहमान यांनी आखलेली ही १९६१ सालची इमारत, आणि तिच्यात २४ भाषांच्या पुस्तकांना पुरस्कार देणारी साहित्य अकादमी. इतिहासाला विनोदबुद्धी नाही असं कोण म्हणतं? रस्ता पुढे जिथे इंडिया गेटच्या षटकोनाला मिळतो, तिथून जवळच टिळक मार्ग फुटतो. तोही आधी हार्डिंजसाहेबाचा होता.

माझे बाबा याच रस्त्यावर नोकरीला होते, बडोदा हाऊसमध्ये. सयाजीराव गायकवाडांसाठी लुट्येन्सनं बांधलेला हा वाडा स्वातंत्र्यानंतर उत्तर रेल्वेचं मुख्यालय झाला. महाराजांच्या दालनांत बाबा फायली हलवत. ‘मी गायकवाडांच्या पदरी आहे,’ असं ते पाहुण्यांना सांगत आणि पाहुणे क्षणभर चपापत. आमचं क्वार्टर बसंत लेनच्या रेल्वे वसाहतीत. एका बाजूला बिहारचं कुटुंब, दुसऱ्या बाजूला बंगाली, वरच्या मजल्यावर मल्याळी आंटी. पहाडगंजात नूतन मराठी शाळा होती, बृहन्महाराष्ट्र भवन होतं, गणपतीत नाटकं होत. पण मला घातलं इंग्रजी माध्यमात. घरात मराठी, जिन्यात हिंदी, शाळेत इंग्रजी. मला वाटायचं, सगळ्यांच्याच तोंडात अशा तीन खोल्या असतात.

मग टीव्ही आला. १९८२च्या एशियाडच्या निमित्तानं दिल्लीत रंगीत चित्र आलं आणि दोन वर्षांनी, १९८४च्या जुलैत, ‘हम लोग’ सुरू झाली. आमच्याकडे संच नव्हता; बंगाली काकूंकडे होता. त्यांच्या बैठकीत आम्ही सतरा-अठरा माणसं दाटीनं बसायचो. आमच्या आजीनं पहिले दोन महिने बहिष्कार टाकला. मुलं बिघडतील, डोळे जातील, तिन्हीसांजेला दिवा लावायचा सोडून हे काय, वगैरे. तिसऱ्या महिन्यात ती पुढच्या रांगेत होती. १९८७च्या जानेवारीत ‘रामायण’ लागलं तेव्हा तर रविवारी सकाळी आंघोळ करून, पदर खोचून, ती संचासमोर हात जोडून बसे. बिघडलं कोण हे तिला विचारायची हिंमत आमच्यापैकी कुणालाच झाली नाही.

त्या पेटीनं सगळंच दाखवलं असं मात्र नाही. १९८४च्या नोव्हेंबरात टीव्हीवर तीन दिवस तीन मूर्ती भवनातलं अंत्यदर्शन चालू होतं, मंद सनईसारखं काहीतरी वाजत होतं. आणि आमच्या गच्चीवरून शहरात ठिकठिकाणी धूर दिसत होता. आईनं मला गच्चीवरून हात धरून खाली ओढलं. मोठ्या शहरात वाढणाऱ्या मुलाला ही एक गोष्ट फार लवकर कळते. खोलीतलं चित्र आणि गच्चीवरचं चित्र एक नसतं.

आम्हा मराठी पोरांची मात्र दूरदर्शनकडून एक वेगळीच वसुली चालू असे. रविवारी दुपारी प्रादेशिक भाषेतला चित्रपट लागायचा, खाली इंग्रजी अक्षरं. कधी तमिळ, कधी ओडिया, कधी असमिया. कितीतरी आठवडे दुसऱ्यांचे. मग एखाद्या रविवारी मराठी लागायचा आणि त्या दिवशी बंगाली काकूंच्या बैठकीत मध्यभागी आम्ही. आई भराभर अर्थ सांगत सुटायची, खाली अक्षरं असूनही. १९८८च्या स्वातंत्र्यदिनी ते अनेक भाषांचं गाणं लागलं. भीमसेनांच्या स्वरांनी सुरू होणारं. चाल बांधण्यात आपले अशोक पत्की होते हे पुष्कळ वर्षांनी कळलं. तेव्हा आमचं लक्ष एकाच गोष्टीकडे असे : मराठी ओळ केव्हा येते. ती यायची आणि निमिषात संपायची. मल्याळी आंटीची मुलंही तशीच कान टवकारून बसत. त्यांची ओळ आली की ती ओरडत, आमची आली की आम्ही.

ही सगळी मजा एका आंतरदेशीय पत्रानं घालवली.

मी सातवीत असताना पुण्याच्या आत्याला लिहिलं, ‘या वर्षी गणितात चांगले मार्क मिळवायची मी चेष्टा करते आहे.’ हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. मी तो शब्द जिन्यातून उचलून घरात आणला होता, इतकंच. मे महिन्यात रेल्वेच्या पासवर झेलम एक्स्प्रेसनं आम्ही पुण्याला गेलो. आत्यानं ते पत्र जपून ठेवलं होतं. आंब्याच्या जेवणानंतर तिनं ते सगळ्यांसमोर मोठ्यांदा वाचलं. दोन डझन माणसं हसली. मग मी काही बोलले की हसणं ठरलेलंच. ‘बस खाली होती म्हणून बसायला जागा मिळाली,’ असं म्हणाले तर चुलतभाऊ म्हणाला, ‘खाली म्हणजे कुठे? दरीत?’ कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. आत्या तर मला जवळ घेऊन हसत होती. पण त्या सुट्टीतले उरलेले तीन आठवडे मी मराठीत तोंड उघडलं नाही. काही विचारलं तर मान हलवायची, फारच झालं तर इंग्रजीत उत्तर द्यायचं. इंग्रजीत कुणी हसत नसे.

टीव्हीनं मराठी घालवलं, शाळेनं घालवलं, काळानं घालवलं, अशी भाषणं मी पुढे पुष्कळ ऐकली. माझं तर एका जेवणावळीत जायला निघालं होतं.

परतीच्या प्रवासात बाबा काहीच बोलले नाहीत. दिल्लीला आल्यावर एका संध्याकाळी त्यांनी मला ऑफिसात बोलावून घेतलं आणि तिथून आम्ही पायी मंडी हाऊसकडे निघालो. वाटेत वाहतूक पोलिसांची पाटी होती, ‘यातायात पुलिस’. बाबा थांबले. म्हणाले, ‘मराठीत यातायात म्हणजे काय?’ मी म्हटलं, ‘त्रास. दगदग.’ ‘आणि इथे?’ ‘ट्रॅफिक.’ ‘मूळ शब्द संस्कृत,’ बाबा म्हणाले, ‘जाणं आणि येणं, एवढाच अर्थ. हिंदीवाल्यांनी त्यातल्या गाड्या घेतल्या, आपण त्यातली दमणूक घेतली. चूक कुणाची?’ मग चौकातला गोंधळ बघत ते म्हणाले, ‘इथे तर दोन्ही अर्थ बरोबरच आहेत म्हणा.’

आम्ही नाटकाला गेलो. विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’, पण हिंदीत, ‘खामोश! अदालत जारी है’. म्हणजे तेंडुलकर मला आधी हिंदीत भेटले. वयाच्या मानानं ते नाटक मला जड होतं, हे आई नंतर बाबांना बरंच ऐकवत होती. पण अंधारात एक गोष्ट झाली. हिंदी वाक्याच्या खालून मला मराठी वाक्य ऐकू येऊ लागलं. हे आई कसं म्हणेल, आजी कसं म्हणेल, आत्या कसं म्हणेल. रविवारच्या चित्रपटांना खाली अक्षरं असत, तशी ही अक्षरं माझ्या आत उमटत होती, आणि कुणी न शिकवता. दुसऱ्या आठवड्यात बाबांनी मूळ पुस्तक आणून दिलं. मी काही वाक्यं ताडून पाहिली. दोन-चार तर हुबेहूब जुळली. पुण्यात गप्प बसलेली ही मुलगी बसंत लेनच्या क्वार्टरमध्ये एकटीच नाचली.

त्यानंतर हा रस्ता माझा झाला. कमानी सभागृह, श्रीराम भारतीय कला केंद्राची रामलीला, रवींद्र भवनातली पुस्तकं. कळत गेलं की हे गाव काही मराठीला परकं नव्हतं. दिल्लीत दूरचित्रवाणी सुरू झाली १९५९ साली. तिच्या बाल्यावस्थेत पु. ल. देशपांडे तिथे निर्माते होते. पुढे सई परांजपे राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून शिकून तिथे रुजू झाल्या आणि मग दिल्लीच्या गल्ल्यांवर त्यांनी ‘चश्मे बद्दूर’ काढला. प्रभाकर माचवे साहित्य अकादमीत बसून मराठीतून हिंदीत आणि हिंदीतून मराठीत ये-जा करत होते. खरी यातायात ती. १९५४ साली दिल्लीत मराठी साहित्य संमेलन भरलं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी अध्यक्ष होते. नंतर ७१ वर्षांनी, २०२५च्या फेब्रुवारीत, तालकटोऱ्यात पुन्हा भरलं, तेव्हा ताराबाई भवाळकर. मी तिन्ही दिवस जाऊन बसले. पुस्तकांच्या गर्दीत दिल्लीची मराठी मुलं एकमेकांशी हिंदीत बोलत होती आणि पुस्तकं मराठी घेत होती. काहींना ते खटकलं. मला जिना आठवला.

नव्वदीनंतरचं सगळ्यांना ठाऊकच आहे. गच्च्यांवरून तारा आल्या, वाहिन्या आल्या, बंगाली काकूंची बैठक रिकामी झाली, कारण प्रत्येकाच्या घरी संच आला. वाट पाहणं संपलं. वाट पाहण्यात काही थोरवी होती असं मी म्हणणार नाही. आम्हाला दुसरा इलाजच नव्हता. एका ओळीसाठी तासभर ताटकळणं याला संस्कार म्हणणं म्हणजे उपासमारीला एकादशी म्हणण्यासारखं आहे. गेलं ते दुसरंच काहीतरी. मल्याळी मुलांची ओळ आली की आम्हीही टाळ्या वाजवत होतो, ते गेलं.

माझी लेक नोएडात वाढते आहे. तिच्या फोनवर अभंगही आहेत आणि मराठी रॅपही, आणि दोन्ही तिला एकामागून एक चालतात. तिचं मराठी माझ्यापेक्षा जास्त विस्कटलेलं आहे आणि माझ्यापेक्षा जास्त निर्धास्त. मागच्या आठवड्यात म्हणाली, ‘आई, मी मोडी शिकायची कोशिश करून राहिले.’ एका वाक्यात दिल्ली, नागपूर आणि सतराव्या शतकातलं दफ्तर. नागपूर कुठून आलं, तर तिकडच्या मैत्रिणीकडून, फोनवर. मी दुरुस्त करायला तोंड उघडलं आणि मला ते आंतरदेशीय पत्र दिसलं. मी म्हटलं, ‘कर.’

आता ऊन वर आलंय. बडोदा हाऊसच्या फाटकावरचा पहारेकरी बदलतो आहे. रस्त्याच्या कडेला जुनं महाराष्ट्र सदन आहे; नवं २०१३ साली शेजारच्या कस्तुरबा गांधी मार्गावर उभं राहिलं, पण माझे पाय जुन्याकडेच वळतात. चौकात आज यातायात नाही. हिंदी अर्थानं.

दिवाळी आलीच आहे. दिल्लीहून, इंदूरहून, बंगळूरहून, कदाचित त्याहूनही लांबून एखादी भाची तुमच्याकडे येईल. फराळाच्या वेळी ती म्हणेल, ‘मावशी, हा डबा खाली आहे.’ हसू नका. भरा तो.