माळ्यावरचा जुना खोका

वाहनांच्या प्रतिकृती जोडण्याचा छंद वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा हाती घेतला, की घरचे विचारतात, या वयात हा पोरखेळ कशाला? पण जपानच्या शिझुओकातील तामिया कंपनीने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाड्याचे मॉडेल काढले, तेव्हा आत मोटर आणि बॅटऱ्या मावाव्यात म्हणून ते मूळच्या पस्तिसाव्या हिश्शाचे केले. पुढे तेच प्रमाण जगभर रूढ झाले. अशी कारणे समजून घेत जोडणी करायला प्रौढ मनच हवे. लहानपणी रंग वाळण्याआधीच चाके बसवली जातात. मधल्या वर्षांत अंगी आलेला धीर इथे थेट कामी येतो.

नजर आणि हात साथ देतील का, ही शंका मात्र रास्त आहे. त्यासाठी १:७२ ऐवजी १:२४ प्रमाण निवडा. चार मीटरची मोटार त्यात सुमारे १७ सेंटिमीटरची होते. भिंग वापरण्यात कमीपणा नाही. तयार मॉडेल विकत मिळते हे खरे, पण चासीवर सस्पेंशन कसे बसते हे त्यातून हाताला कळत नाही. माळ्यावर ठेवलेल्या तुमच्या जुन्या खोक्यातला गोंद सुकला असेल, डीकल (मॉडेलवर चिकटवायची चिन्हे) पिवळे पडले असतील. प्लॅस्टिकचे भाग बहुधा शाबूत असतील. नवा गोंद आणा आणि कामाला लागा.